मदत हवी आहे: ३२ वा आठवडा, बाळाची वाढ कमी

ताईंनो, परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन १३५० ग्रॅम आलं, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, म्हणजे याच आठवड्याच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त बाळांपेक्षा कमी. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) नाळेच्या धमनीत रक्ताला होणारा रोध वाढलाय. दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह अजून चालू आहे; तो थांबला किंवा उलटा फिरला तर लगेच ॲडमिट व्हायचं, असं मॅडमनी सांगितलंय. सासूबाई मायेनं डिंकाचे लाडू देतात, पण वारेतूनच रक्त कमी पोचतंय, जास्त खाऊन ते वाढत नाही म्हणे. रात्री डाव्या कुशीवर पडून लाथा मोजते. काल तासाभरात ११ झाल्या, तेव्हा कुठे डोळा लागला.

कुणाला असं झालंय का? बाळंतपण कितव्या आठवड्यात झालं? बाळ काचेत किती दिवस होतं? आमच्या तालुक्याला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही. आत्ताच जिल्ह्याच्या गावी नणंदेकडे राहायला जाऊ का? कृपया सांगा.