सीएफडीत (कॉम्प्युटरवरच्या प्रवाहाच्या गणितात) बाय-प्रॉडक्ट शून्य, रिॲक्टरमध्ये 8 टक्के: मिक्सिंगचं मॉडेल कोणतं घ्यावं?

खळखळ
नमस्कार मंडळी. 2 केएलचा (2,000 लिटरचा) बॅफलवाला (भिंतीला उभ्या पट्ट्या असलेला) रिॲक्टर, 450 मिमीचा रश्टन टर्बाइन (सपाट पात्यांचा इंपेलर), 120 आरपीएम. आत 1,900 लिटरमध्ये ए, बीपेक्षा 5 टक्के जास्त. वरून 1 मोलर बी, 100 लिटर अर्ध्या तासात. ए + बी → आर जवळपास क्षणात होते. आर + बी → एस ही नको असलेली, तिचा दर-स्थिरांक के2 = 50 लिटर/मोल·सेकंद. लॅबमध्ये 1 लिटरला एस 2 टक्के येतो, इथे 8. के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्सचं मॉडेल: के म्हणजे खळबळीची ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती विरण्याचा दर, वॅट/किलोत) चालवून सरासरी कॉन्सन्ट्रेशनवरून दर काढले, तर एस जवळपास शून्य. मेश (गणितासाठीची जाळी) बारीक करूनही तेच. एडी डिसिपेशन (मिक्सिंगच्या वेगावरून रिॲक्शनचा दर ठरवणारं मॉडेल) लावू का?

ढवळणी
मेशने हे सुटणार नाही. तुमचा सेल (जाळीचा एक कप्पा) काही मिलिमीटरचा. एप्सिलॉन 1 वॅट/किलो असताना पाण्यात कोल्मोगोरोव्ह लांबी (सर्वात लहान भोवऱ्याचा आकार) साधारण 30 मायक्रॉन, आणि श्मिट नंबर (चिकटपणा आणि रेणूंची पसरण यांचं गुणोत्तर) हजाराच्या घरात असल्याने कॉन्सन्ट्रेशनचे पापुद्रे 1 मायक्रॉनपर्यंत उतरतात. कोड मात्र अख्खा सेल एकजीव धरतो. ए आणि बीच्या सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराची सरासरी नव्हे. खरं तर बीच्या धारेच्या कडेला ए संपलेला असतो, उरतो आर, आणि येणारा बी त्यालाच खातो. तुमचा एस तिथे तयार होतो.

एडी डिसिपेशन नको. ते दोन्ही रिॲक्शनना एकाच एप्सिलॉन/के दराने बांधतं, म्हणजे के1 आणि के2 मधला फरकच पुसला जातो. मग सिलेक्टिव्हिटी (आर किती, एस किती) कशावरून काढणार?

आधी कागदावर वेळा काढा. पॉवर नंबर (इंपेलर किती पॉवर घेतो याचा गुणांक) 5 धरला तर सुमारे 740 वॅट, म्हणजे एप्सिलॉन सरासरी 0.37 वॅट/किलो. पृष्ठभागाजवळ 0.1 धरा, इंपेलरच्या झोतात 10. मायक्रोमिक्सिंगची (रेणूंच्या पातळीवर मिसळण्याची) वेळ 17.3 × √(न्यू/एप्सिलॉन), न्यू म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी: वर 55 मिलिसेकंद, झोतात साडेपाच. दुसऱ्या रिॲक्शनची वेळ 1/(के2 × बीचं मूळ कॉन्सन्ट्रेशन) = 20 मिलिसेकंद. वर बी मिसळण्याआधीच रिॲक्ट होतो, खाली उलट. डिप पाइप (द्रवात बुडवलेला फीडचा पाइप) झोतात न्या. आरपीएम दुप्पट केलं तर मोटरवर आठपट भार येऊन ही वेळ जेमतेम 2.8 पट घटते. पाइप खाली नेला की दहापट, तीही फुकट.

पापुद्रा
ढवळणी सरांशी सहमत, पण मेसोमिक्सिंग राहिलं. बीची धार फुटून विरायलाही वेळ लागतो: (लॅम्डा²/एप्सिलॉन) चं घनमूळ, लॅम्डा = √(फीडचा फ्लो/(पाय × स्थानिक वेग)), पुढचा गुणांक 1 ते 2. 100 लिटर अर्ध्या तासात आणि वर वेग 0.2 मी/से धरला, तर किमान 95 मिलिसेकंद. म्हणजे वर मायक्रोपेक्षा हेच हळू आहे! झोतात 1 मी/से धरून 12 येतात.

याची खात्री प्रयोगाने होते. आरपीएम तेच ठेवून फीडची वेळ अर्ध्या तासावरून एका तासावर न्या. एस घटला तर मेसोचा हात आहे. तसाच राहिला तर मायक्रो.

मॉडेलचं म्हणाल तर पहिली पायरी बाल्डिगा-बोर्न यांचं एनगल्फमेंट मॉडेल (फीडचा थेंब भोवतालचा द्रव ओढून घेत वाढतो, असं धरणारं). फीडचे समान थेंब पाडा, प्रत्येकाला ई = 0.058 × √(एप्सिलॉन/न्यू) दराने वाढू द्या आणि बी संपेपर्यंत समीकरणं सोडवा. थेंबांची संख्या वाढवत जा. एस बदलायचा थांबला की पुरे. ही गणितं साध्या ओडीई (डिफरन्शियल समीकरणांच्या) सॉल्व्हरवर मिनिटांत होतात.

सीएफडीतच हवं असेल तर दोन पर्यावरणांचं डीक्यूएमओएम-आयईएम (प्रत्येक सेलमध्ये वेगळ्या कॉन्सन्ट्रेशनचे दोन भाग धरून ते हळूहळू मिसळवणारं मॉडेल). पहिली रिॲक्शन क्षणिक धरून मिक्श्चर फ्रॅक्शनवरून (मिश्रणातल्या फीडच्या वाट्यावरून) थेट काढा, रिॲक्शनचं ट्रान्सपोर्ट समीकरण फक्त दुसरीच्या प्रोग्रेसला (ती किती पुढे गेली याला) द्या. स्टिफनेसचा (अतिवेगवान आणि हळू दर एकत्र सोडवताना सॉल्व्हर अडकण्याचा) त्रास जातो. सी-फाय (या मॉडेलमधला मिसळण्याच्या वेगाचा गुणांक) डोळे झाकून 2 ठेवू नका. ती गॅससाठीची किंमत आहे. द्रवात स्थानिक रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा याचं माप) कमी तिथे ती बरीच खाली येते.

ढवळणी
मेसोचा मुद्दा पटला. एक भर: मॉडेल जोडण्याआधी अख्ख्या टाकीतल्या एप्सिलॉनची बेरीज टॉर्कवरून आलेल्या पॉवरशी ताडून पाहा. के-एप्सिलॉन बहुतेकदा कमी देतं. एप्सिलॉन निम्मा आला तर मायक्रोची वेळ 40 टक्के जास्त निघते, आणि दोष मात्र रिॲक्शनच्या मॉडेलवर ढकलला जातो.

आणि डिप पाइप झोतात नेताना बोअर (आतला व्यास) लहान घ्या, 8 मिमीला वेग 1.1 मी/से मिळतो. रुंद पाइपात रिॲक्टरचा माल उलटा शिरतो, बी आतच रिॲक्ट होतो आणि एस वाढतो. टोकाला आतून रंग किंवा चिकट थर दिसला तर हेच घडतंय.