दंडघेर (दंडाचा घेर) मोजपट्टीच्या लाल पट्ट्यात, पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर) मात्र ‘मध्यम कमी वजन’. मुलीला कुठे पाठवायचं?

कारवी
मोखाड्याजवळच्या पाड्यावरची १४ महिन्यांची मुलगी. वजन ६ किलो ८००, दंडघेर ११.२ सेंमी. वयानुसार वजन मध्यम कमी येतं, म्हणून टीएचआरवरच (अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारावर) ठेवावं असं ठरतंय. घरचे दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार आहेत. व्हीसीडीसी (गावातलं बाल विकास केंद्र) की एनआरसी (रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र)?

सूर्याकाठ
टीएचआरवर थांबू नका. वयानुसार वजन कमी असणं वेगळं आणि सॅम (तीव्र कुपोषण) वेगळं. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११.५ च्या खाली गेला की ते सॅम, वजनाचा तक्ता काहीही म्हणो.

आधी माप पुन्हा घ्या. डावा हात, कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक ते कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण. मग हात सैल सोडून पट्टी टेकवायची, आवळायची नाही. आवळली की दोन-तीन मिलिमीटर सहज कमी येतात. उंचीनुसार वजनही काढा, पण दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच मोजा, टाचा फळीला टेकवून. गुडघे वाकलेले राहिले तर लांबी कमी येते आणि सॅम मूल मॅममध्ये (मध्यम कुपोषणात) जातं.

सूज बघायला विसरू नका. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून धरा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर थेट एनआरसी. सुजेचं पाणी वजनात मिसळतं, म्हणून तक्त्यावर असं मूल बरं दिसतं.

पळसपान
सूज नसेल तर भूक ठरवते. ती तपासायला दोन तास काही न खाल्लेलं मूल हवं. शांत जागी आईनेच भरवायचं, सोबत पाणी, जबरदस्ती नाही. नीट खाल्लं आणि दुसरा आजार नसेल तर व्हीसीडीसी चालेल. खात नसेल, जुलाब-उलट्या असतील, मूल मलूल असेल, अंग गार पडत असेल किंवा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल (वर्षाखालच्या बाळाला ५०), तर एनआरसी.

वाटेत खाजगीत सलाईन लावून घेऊ देऊ नका, हे घरच्यांना आवर्जून सांगा. सॅम मुलाचं हृदय अशक्त असतं, पाण्याचा भार त्याला झेपत नाही. शिरेतून सलाईन फक्त शॉकमध्ये, तेही रुग्णालयातच. एनआरसीत पहिल्या दिवसांत एफ-७५ (उपचाराचं खास दूध) थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा देतात. “एवढंसंच देतात” म्हणून आया निघून येतात. त्यांना आधीच समजावा: एकदम भरपूर दिलं तर शरीर ते पेलत नाही. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत, वजन वाढू लागल्यावरच देतात.

कारवी
भूक चांगली नाही, तेव्हा एनआरसीच. पण घरी मोठा मुलगा आहे, आई राहायला तयार नाही.

सूर्याकाठ
नकाराचं कारण बहुतेकदा हेच असतं, त्यामुळे आधी वडील आणि आजीशी बोला. मोठ्याला कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय आई दोन आठवडे राहणार नाही. आईचं जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. ती खात्यात येते, म्हणून आधार आणि पासबुक सोबत द्या.

एनआरसीतून सुट्टीसाठी साधारण १५ टक्के वजनवाढ बघतात, म्हणजे हिच्या बाबतीत ७ किलो ८०० च्या आसपास. सूज असलेल्या मुलात हिशेब सूज उतरल्यावरच्या वजनापासून.

पळसपान
यात भट्टीचा विचार आत्ताच करा. सुट्टीनंतर दर १५ दिवसांनी, असे चार फेरतपास असतात आणि स्थलांतरात नेमके तेच बुडतात. दाखल करायला दिवाळीची वाट बघू नका. सुट्टीच्या कार्डावर दाखल होतानाचं आणि सुट्टीचं वजन, दंडघेर आणि फेरतपासाच्या तारखा लिहून घ्या, ते आईकडेच राहू द्या. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद अंगणवाडी सेविकाताईंकडून करून घ्या. भट्टीचं गाव कळलं की तिथल्या सेविका आणि आशाताईंना पर्यवेक्षिकेमार्फत निघण्याआधीच फोन जाऊ द्या. नुसत्या नोंदीवर तिथलं कुणी मुलीला शोधत येणार नाही.