तलवार उपसली होती, तरी

शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट भित्रा, म्हणून बापाच्या खुनाचा सूड लांबतो, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. तिसऱ्या अंकातला प्रार्थनेचा प्रवेश पुन्हा वाचा. हॅम्लेटच्या बापाला मारून मुकुट आणि राणी बळकावणारा काका क्लॉडियस एकटा, गुडघे टेकलेला. मागे हॅम्लेट, हातात उपसलेली तलवार. तो हात आवरतो ते भीतीने नव्हे. प्रार्थना करताना मेला तर हा स्वर्गात जाईल, आणि बाप मात्र पापांची कबुली न देताच गेला, हे त्याला सलतं. त्याला नुसता जीव नकोय, नरकही हवाय! हे भेकडपणापेक्षा कितीतरी भयंकर आहे. आणि त्याला कळतच नाही की क्लॉडियसला प्रार्थना जमलेलीच नाही. मुकुट आणि राणी सोडायची तयारी कुठे आहे? पुढच्याच प्रवेशात हॅम्लेट पडद्याआड कोण आहे हे न बघता राजाचा मंत्री पोलोनियस याला भोसकतो. भित्रा माणूस असं करेल? आगरकरांनी १८८३ च्या भाषांतराला ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ, हे नाव दिलं, ते म्हणूनच मला चपखल वाटतं.

उलट पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस बापासाठी चर्चमध्येही हॅम्लेटचा गळा चिरायला तयार, त्यामुळे क्लॉडियसच्या हाती अलगद सापडतो. हॅम्लेटशी लढायच्या तलवारीला विष लावायची कल्पना तर लेअर्टिसचीच.

हॅम्लेटची आई, राणी गर्ट्रूड, हिला नवऱ्याचा खून माहीत नसावा. हॅम्लेट राजाच्या खुनाचा उल्लेख करतो तेव्हा ती चकित होऊन तेच शब्द उलट विचारते.