कोळशाची राख काळ्या जमिनीत मिसळावी का?

तापीकाठ (धागाकर्ता): भारी जमीन भुसभुशीत होते, असे सांगून औष्णिक केंद्राची राख शेतात टाकण्याचा सल्ला दिला जातो. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, त्यामुळे तिला जागा शोधणे ही वीजकेंद्राची निकड आहे; ती शेताची गरज आहे का, हे वेगळे तपासावे लागेल. त्या राखेत आर्सेनिक, शिसे, कॅडमियम अल्प प्रमाणात असतात. राखेचा अल्कधर्मी गुण कोकणातल्या आम्ल जमिनीला उपयोगी पडेलही, पण खानदेशातल्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी आहे.

केळीबाग_रावेर: भाऊ, राखेला दोष देण्याआधी आपल्या बागा पाहाव्यात. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींसाठी आपण वर्षानुवर्षे कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचे दाणे टाकले आणि ते गांडुळांना अत्यंत विषारी आहे. शिवाय चुनखडीयुक्त काळ्या मातीत शिसे व कॅडमियम चिकणकणांना धरून राहतात, पिकात फारसे उतरत नाहीत. राखेच्या वापराबाबतच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनेही माती परीक्षणाच्या आधारे, नियंत्रित रीतीने शेतीतील वापराला वाव दिला आहे.

तापीकाठ: दाण्यांबद्दल आपले म्हणणे खरे आहे, मात्र त्यामुळे राख निर्दोष ठरत नाही. पीक मुळांवाटे विरघळलेले तेवढेच घेते, गांडूळ मातीच गिळते. कॅडमियम त्याच्या शरीरात साठत जाते. गांडूळ अनेकदा जगते, पण नांगरामागे फिरणारे बगळे आणि साळुंक्या तेच वेचून खातात. आर्सेनिकची तऱ्हा उलटी आहे, कारण सामू वाढला की त्याच्यावरची मातीची पकड सैल होते. आणि आपण म्हणता त्या परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि फार तर गंधक, जस्तासारखी अन्नद्रव्ये पाहिली जातात. मातीतल्या जिवांचा रकाना आमच्या अहवालात तरी कधी दिसला नाही.

धुळे_कोरडवाहू: मग मोजावे. एकाच शेतात राखेचा आणि बिनराखेचा असे दोन तुकडे ठेवावेत, आणि पाऊस स्थिरावल्यावर फूटभर लांब-रुंद-खोल खड्ड्यातली माती हाताने निवडून गांडुळे मोजावीत. मे महिन्यात मोजणे व्यर्थ आहे, तेव्हा ती ओल शोधत खोल जातात.

केळीबाग_रावेर: मोजणी मान्य आहे, पण वखरणी, शेणखत आणि पाणी दोन्ही तुकड्यांत सारखे हवे, आणि त्या काळात दाणे कुठेच टाकायचे नाहीत. हे पाळायला कोण तयार आहे, ते आधी सांगावे.