शब्दचर्चा: रॉडची 'पॉवर', 'ॲक्शन' आणि रिळाचा 'ड्रॅग', मराठीत काय म्हणायचं? (स्ट्रायपर आणि व्हाईट बाससाठी)

डॅलसवाली
मंडळी एक मदत हवीय. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, मार्चमध्ये बाबा येणारेत रत्नागिरीहून आणि नवऱ्याने त्यांना लेक टेक्सोमाला मासे पकडायला न्यायचं कबूल करून टाकलंय. बाबा आयुष्यभर खाडीवर गरवत आलेत, हातात तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) आणि बोटांना अंदाज एवढंच, रॉड आणि रीळ कधी वापरलेलं नाही. दुकानात गेलो तर प्रत्येक रॉडवर 'मिडियम लाईट, फास्ट', 'मिडियम हेवी, मॉडरेट' असलं काय काय छापलेलं, ते फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले फास्ट म्हणजे काय, काठी पळते का, मराठीत सांग. तर मला या शब्दांचा नेमका अर्थ हवाय आणि बाबांना सांगता येईल असा मराठी शब्दही. मासे दोन आहेत, स्ट्राइप्ड बास आणि व्हाईट बास. दोन्हीला एकच रॉड चालेल का? नवरा म्हणतो दुकानातली सगळ्यात स्ट्राँग घेऊन टाकू.

पदच्छेद
संस्कृतात गळाला 'बडिश' असा जुना शब्द आहे. त्यावरून रॉडला 'बडिशदंड' आणि रीळला 'सूत्रचक्र' म्हणता येईल. पॉवरला 'सामर्थ्य', ॲक्शनला 'क्रिया'.

खाडीकाठ
पदच्छेद साहेब, आमच्या वाडीत बडिशदंड मागितला तर लोक बडीशेप आणून देतील 😄 काठीला काठी म्हणा की. आमच्याकडे हुकाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरायचं म्हणजे गरवणं, देशावरची माणसं गळ टाकतात. रीळ तर मराठीच झालाय, शिवणाच्या दोऱ्याचं रीळ घरोघरी असायचं, ते रीळ, रिळाला, रिळाचा. त्याला सूत्रचक्र कशाला.

रेडरिव्हर
मी टेक्सोमापासून फार लांब नाही राहत, म्हणून लिहितो. सगळा घोळ त्या 'स्ट्राँग' शब्दाने होतो ताई. दुकानात लोक स्ट्राँग म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. अल्ट्रालाईट, लाईट, मिडियम लाईट, मिडियम, मिडियम हेवी, हेवी अशी ती चढती भाजणी. ॲक्शन म्हणजे काठी कुठे वाकते. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो आणि बाकी काठी ताठ राहते, मॉडरेट म्हणजे वाक मधल्या भागापर्यंत उतरतो, स्लो म्हणजे जवळजवळ मुठीपर्यंत. वेगाशी याचा संबंध एवढाच की शेंड्यात वाकणारी काठी लगेच सरळ होते. त्यामुळे लाईट आणि फास्ट एकत्र असू शकतं, हेवी आणि मॉडरेटही असू शकतं. क्रिया म्हणून यातलं काहीही कळणार नाही.

खाडीकाठ
मग सोपं आहे. काठी 'लवते' म्हणतातच आपल्याकडे. शेंड्यात लवणारी, मधून लवणारी, बुडापर्यंत लवणारी. आणि पॉवरला ताठपणा, म्हणजे कमी ताठ, मध्यम ताठ, जास्त ताठ. रत्नागिरीच्या माणसाला एका वाक्यात कळेल.

पदच्छेद
'लवणं' आवडला, मागे घेतो माझी क्रिया. पण 'ताठ' मधून न वाकणारी असा अर्थ निघतो, त्यापेक्षा 'दम' कसा वाटतो? या काठीत दम जास्त, त्या काठीत कमी.

खाडीकाठ
चालेल, दम मस्त आहे.

सहज_सुचलं
मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही पण ते बास आहे, बॅस आहे की बेस? व्हाईट बास म्हटलं की कोणीतरी पांढरं पुरे झालं म्हणतंय असं वाटतं.

रेडरिव्हर
हाहा. इथले लोक बॅस म्हणतात, बेस झाला की ती गिटार होते. मराठीत आपण बास लिहितो, लिहू द्या. अजून एक, जिताड्याला हॉटेलच्या मेन्यूवर सी बास लिहितात म्हणून तो याचा भाऊ वाटेल तर तसं नाही, कुळ वेगळं आहे. लार्जमाऊथ बासही यांच्या कुळातला नाही, त्याच्यासाठी म्हणून विकतात ती काठी वेगळ्या विचाराने केलेली असते, ते खाली लिहितो. स्ट्राइप्ड आणि व्हाईट मात्र खरे सख्खे, दोघं मोरोन वंशातले. स्ट्राइप्ड बास, म्हणजे इथला स्ट्रायपर, मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा, समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा, बाबांना ही खाडीची गोष्ट ऐकून बरं वाटेल. टेक्सोमा हा रेड रिव्हरवर १९४४ साली झालेल्या डेनिसन धरणाचा तलाव, त्यात तो नंतर आणून सोडला. त्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच उबतात, म्हणून बहुतेक तलावांत दरवर्षी पिल्लं सोडावी लागतात, टेक्सोमात मात्र वरून येणाऱ्या रेड आणि वॉशिटा नद्यांमुळे तो आपला आपण वाढतो. व्हाईट बास गोड्या पाण्यातलाच, त्याला टेक्सासात सँड बास किंवा नुसतं सँडी म्हणतात.

आता काठी. व्हाईट बास साधारण एक ते दोन पौंडांचा, तीनचा मिळाला तर फोटो काढतात. टेक्सोमातला स्ट्रायपर तीन पौंडांपासून आठ-दहापर्यंत सर्रास आणि वीसचाही निघतो. मार्चमध्ये सँडी नद्या-ओढ्यांत वर चढतात तेव्हा काठावर उभं राहून पाव किंवा एक अष्टमांश औंसाचं छोटं जिग (शिशाच्या गोळीत हुक ओतलेलं नकली आमिष) फेकायचं असतं. इथे दमदार काठी उपयोगाची नाही, कारण फेकताना काठी आधी मागे वाकायला हवी आणि सरळ होताना तिने जिग भिरकावायला हवं, आणि एवढ्याशा वजनाने मिडियम हेवी काठी वाकतच नाही, जिग चार हातांवर पडतं. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात 'ल्यूर १/८ ते १/२ औंस, लाईन ६ ते १० पौंड' असं छापलेलं असतं (ल्यूर म्हणजे नकली आमिष, लाईन म्हणजे दोरी), ते वाचा, पॉवरचा शब्द प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो पण हे आकडे कामाचे. सँडीला साडेसहा फूट, मिडियम लाईट, फास्ट. शेंड्यात लवणारी अशासाठी की जिगवरचा हलका धक्का हाताला कळतो.

स्ट्रायपरला सात फूट, मिडियम किंवा मिडियम हेवी, पण मधून लवणारी बरी. दोन कारणं. एक, तिथे जिवंत शॅड (आमिषाची छोटी मासळी) लावून सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) वापरतात, त्यात झटका द्यायचाच नसतो, मासा आमिष घेऊन वळला की काठी हळूहळू लवत जाते आणि हुक जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो, ताठ काठी त्याच्या तोंडातून आमिष हिसकावून घेते. दुसरं, स्ट्रायपर उघड्या पाण्यात पळतो. लार्जमाऊथ बुडालेल्या झाडांत आणि गवतात घुसतो म्हणून त्याची काठी ताठ लागते, त्याला ओढून बाहेर काढावं लागतं. स्ट्रायपरला पळू द्यायचं, म्हणून तिथे काठीच्या दमापेक्षा रिळाचा ड्रॅग जास्त महत्त्वाचा. नवऱ्याला सांगा पैसे तिकडे घाला.

डॅलसवाली
बापरे केवढं छान लिहिलंत. आता ड्रॅगला काय म्हणू?

खाडीकाठ
ढील! पतंगवाले म्हणतात तसं, आसारीतून मांजा सोडतात तशी.

पदच्छेद
इथे मी आडवा येणार. ढील दिली म्हणजे दोरी सैल पडली, ड्रॅगमध्ये दोरी सुटते पण सैल पडत नाही, मुद्दा तोच आहे ना?

रेडरिव्हर
बरोबर पकडलंत. ड्रॅग म्हणजे स्पूलवरचा, म्हणजे रिळातल्या दोरी गुंडाळलेल्या चाकावरचा, घसरता ब्रेक. आत चकत्या असतात, नॉब आवळला की त्या दाबल्या जातात, मासा ठराविक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की स्पूल घसरून दोरी देतं, पण तेवढा जोर कायम माशाच्या तोंडावर राहतो. सैल पडली तर हुक सुटेल.

पदच्छेद
मग नॉबला 'ताण'. ताण चार पौंडांवर लाव. आणि दोरी सुटत असताना 'ढील जातेय' म्हटलं तर चालेल, बोलण्यात हरकत नाही.

खाडीकाठ
मान्य. डॅलसवाली ताई, बाबांना सांगा की तंगूस बोटांतून सरकवत ते जे करतात ना, तेच काम तो नॉब करतो. त्यांना दहा सेकंदांत कळेल, नवऱ्याला वेळ लागेल.

रेडरिव्हर
ताण किती लावायचा तर दोरी जेवढ्या जोराला तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. 'पौंड टेस्ट' म्हणजे दोरी तुटायचा जोर, माशाचं वजन नाही, हा गैरसमज फार आहे, १२ पौंडांच्या दोरीवर वीस पौंडांचा मासा आरामात येतो, ताण नीट लावला असेल तर. १२ पौंडांच्या दोरीला ताण तीन ते चार पौंड. मोजायचा कसा? भारतात जाताना बॅगा तोलायचा हूकवाला काटा सगळ्यांच्या घरी असतो, दोरी काठीच्या कड्यांतून ओवून त्या काट्याला बांधा, ओढा, स्पूल घसरायला लागलं की आकडा वाचा.

रिळावरच्या २५००, ४००० या आकड्यांचा वजनाशी संबंध नाही, ते स्पूलच्या आकाराचं कंपनीचं माप. सँडीला १००० ते २५००, दोरी ६ ते ८ पौंड. स्ट्रायपरला ४०००, साधी दोरी १२ ते १५ पौंड किंवा २० ते ३० ची ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे फ्लुरोकार्बनच्या दोरीचा (पाण्यात सहज न दिसणाऱ्या) तुकडा. ६.२:१ असं लिहिलेलं म्हणजे रिळाची मूठ एकदा फिरवली की स्पूलवर सहा वेढे आणि वर थोडं.

ओहायोकर
आमच्याकडे मे महिन्यात मॉमी आणि सँडस्की नदीत व्हाईट बास एरी तलावातून वर येतात, काठावर उभं राहायला जागा मिळत नाही. नवख्यांना एक सांगतो, बेटकास्टर रीळ (काठीच्या वर बसणारं, फेकताना स्पूल फिरणारं) घेऊ नका, साधं स्पिनिंग रीळ (काठीखाली लटकणारं) घ्या. अंगठ्याने स्पूल वेळेवर दाबलं नाही तर आत असा गुंता होतो की कात्रीच लागते. स्पिनिंग रिळावर दोरीला पीळ पडतो तेवढंच, तो निस्तरता येतो. गाईड लोकांकडे बघून बेटकास्टर घ्यावंसं वाटतं पण त्यांचं रोजचं काम आहे ते.

सहज_सुचलं
गुंता आणि पीळ हे तरी मराठीत आधीपासून होते म्हणायचे 😀

डॅलसवाली
मग आता दोन काठ्या घेऊ ना? बजेटवर नवरा आत्ताच बसलाय.

रेडरिव्हर
एकच घ्या, सँडीवाली. टेक्सोमावर गाईडची बोट करणार असाल तर स्ट्रायपरच्या काठ्या आणि रिळं बहुतेक गाईड स्वतःची देतात, आधी फोनवर विचारून घ्या. बाबा खरे रमतील ते ओढ्याच्या काठावर, तिथे तुमची हलकी काठी. सँडीच्या काठीला चुकून पाच पौंडांचा स्ट्रायपर लागला तरी ताण नीट असेल तर येईल, वेळ लागेल आणि मजा येईल. उलटं मात्र होत नाही, स्ट्रायपरच्या काठीने छोटं जिग फेकता येत नाही, तिच्यावर पाऊण पौंडाचा सँडी लागलेला कळतही नाही.

आणि ओळखायला शिका, कारण मर्यादा वेगळ्या आहेत. टेक्सोमात व्हाईट बास दिवसाला २५, स्ट्रायपर आणि संकर मिळून १०, त्यातही २० इंच किंवा वरचे दोनच. नियम बदलतात, जायच्या आधी बघून घ्या. सँडी आखूड आणि पाठीवर फुगीर, पट्टे फिकट, शेपटीपर्यंत बहुधा एकच पट्टा नीट पोचतो. स्ट्रायपर लांबोडा, बरेच पट्टे गडद आणि सलग. जिभेवर बोट फिरवलं तर सँडीला दातांचा एकच चट्टा, स्ट्रायपरला दोन.

खाडीकाठ
संकर म्हणजे?

रेडरिव्हर
या दोघांचाच. इकडे नुसतं हायब्रिड म्हणतात, कॅन्ससकडे वायपर, पट्टे तुटक तुटक असतात. त्याला मराठी शब्द पदच्छेदांनी काढावा.

पदच्छेद
पट्टेतुटक्या.

खाडीकाठ
अहो ताई, बाबांना पाग टाकता येते का? तिकडे शॅड जाळ्याने धरतात असं ऐकलंय.

डॅलसवाली
येते ना! लहानपणी आम्हाला घेऊन जायचे पाग टाकायला.

रेडरिव्हर
मग गाईड त्यांनाच ठेवून घेईल 😄 पकडलेला शॅड जिवंत ठेवायला गोल टाकी लागते, चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकून मरतो. लायसन विसरू नका, बाबांना परराज्यातल्या माणसाचं लागेल. टेक्सोमासाठी एक वेगळं लायसन मिळतं, ते टेक्सास आणि ओक्लाहोमा दोन्ही बाजूंच्या पाण्यात चालतं, नुसतं टेक्सासचं घेतलंत तर बोट पलीकडे गेल्यावर पंचाईत. पण ते तलावापुरतंच, ओढ्याला दुसरीकडे कुठे गेलात तर टेक्सासचं लागेलच.

डॅलसवाली
लिहून घेतलं. साडेसहा फूट, दम कमी, शेंड्यात लवणारी, २५०० चं रीळ, आठ पौंडांची दोरी, ताण दोन-अडीच. बाबांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी एकच विचारलं, गरी केवढी.

रेडरिव्हर
जिगला हुक ओतलेलाच असतो, वेगळी गरी नको. जिवंत मासोळी लावणार असाल तर सँडीला चार नंबर पुरे, आणि इथे नंबर वाढला की गरी लहान होते हे त्यांना आधी सांगून ठेवा.