अंडे उकडल्यावर पेप्टाइड बंध तुटतात का?

प्रश्न (प्रथम वर्ष बी.एस्सी., पुणे)

गेल्या आठवड्यातील प्रात्यक्षिकात आम्ही अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकावर बाययुरेट ही प्रथिने ओळखण्याची चाचणी केली आणि अपेक्षेप्रमाणे जांभळा रंग आला. डब्यात उकडलेले अंडे होते, म्हणून त्याचाही पांढरा भाग खलात घोटून तीच चाचणी केली, तर पुन्हा जांभळाच रंग आला. मी जर्नलमध्ये मात्र ‘उष्णतेने प्रथिनांतील बंध तुटतात’ असे लिहून बसले आहे. बंध तुटत असतील तर हा रंग येतो कसा, आणि तुटत नसतील तर पातळ बलक घट्ट कशामुळे होतो?

उत्तर : कोथरूडकर

आपले वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. कोणते बंध, हे त्यात सांगितलेले नाही. अमिनो आम्लांना साखळीत गुंफणारा पेप्टाइड बंध सहसंयुज, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने बनणारा बळकट बंध असतो आणि तो तोडण्यासाठी प्रयोगशाळेत प्रथिन ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला साधारण २४ तास ठेवावे लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे आपल्या पातेल्यातले पाणी तर ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा दहा-बारा मिनिटांत या बंधाला फारसा धक्का लागत नाही. बाययुरेट चाचणीतील तांब्याचा आयन पेप्टाइड बंधांतल्या नायट्रोजनशी जोडला जातो. साखळी घडी घातलेली आहे की उलगडलेली, याने त्याला फरक पडत नाही.

मोडते ती घडी. पांढऱ्या बलकातील मुख्य प्रथिन ओव्हअल्ब्युमिन ३८५ अमिनो आम्लांचे असून त्याचे पाण्यापासून दूर राहणारे बरेचसे भाग घडीच्या आत दडलेले असतात. उष्णतेने घडी उलगडली की ते उघडे पडतात, शेजारच्या साखळ्यांच्या तशाच भागांना चिकटतात, आणि तयार झालेल्या जाळ्यात पाणी अडकून राहते. शिवाय गंधकयुक्त गटांमुळे साखळ्यांमध्ये नवे डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधले सहसंयुज बंध निर्माण होतात. म्हणजे उकडताना काही सहसंयुज बंध उलट नव्याने जुळतात, ही गंमत जर्नलमध्ये अवश्य लिहावी.

उत्तर : जीवरसायन_शिक्षिका

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु घडी टिकवण्यात हायड्रोजन बंधांचाही वाटा असल्याने ‘हायड्रोजन बंध दुबळे, म्हणून घडी मोडते’ असा निष्कर्ष विद्यार्थी यातून घाईने काढतात, तो टाळावा. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंध सुमारे ४६० किलोज्यूल प्रति मोल इतका बळकट आणि दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध सुमारे २० चा, ही तुलना बरोबरच आहे. पण प्रथिनातला हायड्रोजन बंध सुटला की त्याची जागा घ्यायला भोवतालचे पाणी तयारच असते, त्यामुळे तोटा बराचसा भरून निघतो. शेकडो दुबळ्या बंधांची बेरीज-वजाबाकी होऊन घडीच्या बाजूने जे उरते, ते बहुधा २० ते ६० किलोज्यूल प्रति मोल इतकेच असते, आणि तापमान वाढताच साखळीची मोकळे होण्याची ओढ ही शिल्लक सहज खाऊन टाकते.

उलगडलेले प्रथिन पुन्हा घडी घालूच शकत नाही, असेही नाही. १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन युरियाने उलगडून, त्याचे चारही डायसल्फाइड बंध सोडवूनही ते पूर्ववत होते, हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सेन यांनी दाखवले आणि १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. मात्र ते द्रावण विरल होते. बलकात वजनाच्या सुमारे दहा टक्के प्रथिनेच असतात, आणि एवढ्या दाटीत साखळी स्वतःकडे वळण्याआधीच शेजारणीत गुंतते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग दूध कितीही उकळले तरी नासत नाही, आणि लिंबू पिळताच फाटते, ते कसे?

उत्तर : जीवरसायन_शिक्षिका

दुधातील केसीन या मुख्य प्रथिनाला मोडण्याजोगी पक्की घडी मुळातच नसते, म्हणून नुसत्या उष्णतेला ते दाद देत नाही. त्याचे कण ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. आम्लाने सामू (pH) ४.६ कडे सरकला की तो भार नाहीसा होतो आणि कण गोळा होतात. या चोथ्यावरही बाययुरेट चाचणी करून पाहा, रंग जांभळाच येईल.