भाजलेल्या जागी परत केस येतात का? पीआरपी पॅकेज घ्यावं का?

कोरेगावची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा १९ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना बंबाचं कढत पाणी अंगावर सांडलं होतं, खांदा मान सगळं नीट भरून आलं पण डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा तशीच राहिली, तिथे एक केस नाही. कातडी गुळगुळीत, चकचकीत, हाताला कडक लागते. आता वरचे केस वाढवून त्यावर वळवून घेतो आणि गाडीवरून उतरून हेल्मेट काढलं की आधी गाडीच्या आरशात बघणार, मग बाकी सगळं. एका हेअर क्लिनिकमध्ये दाखवलं तर पीआरपीचं (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून डोक्यात टोचतात ते) पॅकेज आणि सोबत मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायचं लावायचं औषध, सांगितलं, म्हणे मुळं झोपलीयत, जागी होतील. रक्कम मोठी आहे म्हणून पैसे भरायच्या आधी इथे विचारतेय. आणि व्रणावर ट्रान्सप्लांट होतं का?

रानमेवा
ताई आमच्या मामाला चाई पडली होती, गावाकडे गुंजा उगाळून लावली आणि वरून कांद्याचा रस, काही महिन्यांत काळेभोर केस आले. खर्च शून्य. करून बघायला काय जातंय.

त्वचेचा_डॉक्टर
रानमेवा, चाई वेगळी आणि भाजल्याचा व्रण वेगळा हो. चाईत मूळ जिवंत असतं, आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उठलेली असते, ती शांत झाली की केस बरेचदा आपोआप येतात आणि श्रेय जातं गुंजेला. गुंजेचं बी विषारी असतं, ते कुणी डोक्यावर चोळू नका, त्यात व्रणाची कातडी आधीच नाजूक.

ताई, भाजणं खोलवर गेलं असेल तर केसाचं मूळच जळून जातं आणि तिथे नुसती तंतुमय कातडी भरते. झोपलेलं काही नसतंच तिथे, मग मिनॉक्सिडिल काय जागं करणार? पीआरपीचंही तेच. उन्हात उभं करून जवळून बघा, केसांची बारीक छिद्रं दिसतात का. नसतील तर विषय संपला, खात्री हवी तर स्किनवाले डर्मोस्कोप (कातडी मोठी करून बघायचं भिंग) लावून पाच मिनिटांत सांगतात. कडेला जिथे विरळ केस शिल्लक असतील तिथे औषधाचा थोडाफार उपयोग होऊ शकतो, मधल्या चकचकीत भागात नाही.

ट्रान्सप्लांट होतं. जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली केसांसकट कातडीचे छोटे गोल तुकडे लावायची पद्धत लिहिली ती मुळात व्रणामुळे केस गेलेल्यांसाठीच होती, टकलाचा बाजार फार नंतरचा. पण व्रणात रक्तपुरवठा कमी असतो त्यामुळे सगळे ग्राफ्ट (मुळासकट काढून लावलेले केस) धरत नाहीत, दाट लावता येत नाहीत, चांगला सर्जन आधी थोडे लावून काही महिने वाट बघतो आणि मग पुढचे लावतो. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, घाबरायचं नाही, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात आणि खरा रिझल्ट वर्षभराने. एक सांगा, मुलाच्या वडिलांना टक्कल आहे का?

मिरजकर
तळहाताएवढी जागा असेल तर बलूनचं पण विचारा. माझ्या धाकट्या बहिणीचं केलंय. व्रणाशेजारच्या चांगल्या केसवाल्या कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी बसवतात, टाके सुकले की दर आठवड्याला सुईने त्यात सलाईन भरतात, वरची कातडी हळूहळू ताणत जाते, दोन-तीन महिन्यांनी पिशवी काढून व्रण कापतात आणि ताणलेली कातडी त्यावर ओढून शिवतात. नवीन केस येत नाहीत, आहेत तेच पसरतात, त्यामुळे किंचित विरळ वाटतं पण स्वतःचे केस. त्रास मात्र सांगतो, सलाईन भरलं की त्या रात्री ठणका, एकाच कुशीवर झोपायचं, शेवटी शेवटी कानामागे नारळ बसवल्यासारखं दिसायचं, कायम स्कार्फ, आणि एसटीत शेजारची बाई विचारणारच काय झालं गं. इन्फेक्शन झालं तर पिशवी काढावी लागते हेही आधीच सांगतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात झालं, खर्च बेताचा.

अलका_मावशी
माझं भाजल्याचं नाही, लायकेन प्लॅनोपायलॅरिस आहे, त्यातही मुळं जाऊन व्रण होतो. कुणी असा प्रॉब्लेम घेऊन हा धागा वाचत असेल तर, खाज जळजळ आणि केसाभोवती लाली असेल तर आजार चालू आहे, त्यावर ट्रान्सप्लांट केलं तर नवे केसही गमावून बसाल. आधी बायोप्सी, मग स्टिरॉइडची इंजेक्शनं, गोळ्या, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं तर डोळ्यांची तपासणी, आणि आजार निदान वर्ष-दोन वर्षं शांत राहिल्यावरच पुढचा विचार. ताईंच्या मुलाला ही भीती नाही, जुनं भाजलेलं ते वाढत नाही.

कोरेगावची_आई
सगळ्यांचे आभार. काल उन्हात बघितलं, छिद्रं नाहीतच. आणि हो डॉक्टर, ह्यांना तिशीतच टक्कल पडलं. म्हणून काही वेगळं करायचं का?

त्वचेचा_डॉक्टर
म्हणूनच विचारलं. ट्रान्सप्लांटला केस मागच्या बाजूचे काढतात आणि तो साठा मर्यादित असतो. मुलगा वडिलांवर गेला तर पुढे टकलासाठी तेच लागतील, व्रणावर सगळे उडवून टाकू नका. तुमच्या केसमध्ये मी आधी बलूनचं मत घेईन, शिवणीची रेघ उरली तर तिच्यापुरते थोडे ग्राफ्ट. ऑपरेशन नकोच असेल तर मायक्रोपिगमेंटेशन आहे, बारीक ठिपक्यांचा टॅटू, केस अगदी बारीक ठेवणाऱ्याला शोभतो, काही वर्षांनी फिका पडतो. आणि त्या व्रणावर कधी न भरणारी जखम झाली तर लगेच दाखवा, क्वचित त्यात कॅन्सर निघतो.

पॅकेजचे पैसे भरू नका. प्लास्टिक सर्जनकडे जाताना त्या भागावरचे केस बारीक कापून न्या म्हणजे खरी जागा मोजता येईल, आणि थोडा वेळ मुलाला एकट्याला बोलू द्या, तीन महिने फुगा घेऊन कॉलेजला त्याला जायचंय.